पानावरचा डाग आणि त्याचा धनी

भाद्रपदाच्या सुमारास, पावसाची झड ओसरून मधूनमधून उन्हाची तिरीप पडू लागली म्हणजे, सातारा-सांगलीकडील अथवा खानदेशातील भुईमुगाच्या एखाद्या शेतात शिरावे आणि एक डहाळी वर उचलून पाहावी. खालच्या अंगाच्या जुन्या पानांवर तपकिरी ते काळ्या रंगाचे, एका मिलिमीटरपासून दहा मिलिमीटरपर्यंत व्यासाचे ठिपके मुळीच आढळले नाहीत, असे शेत विरळाच. शेतकरी या रोगास टिक्का म्हणतात आणि त्याचा परिणामही ते पुरता जाणून असतात: ठिपके वाढत जातात, पर्णिका पिवळ्या पडून गळतात, आऱ्यांच्या टोकांशी जमिनीत धरलेल्या शेंगांना पोसणारे अन्नच तयार होईनासे होते, आणि हंगाम प्रतिकूल असला तर निम्म्यापर्यंत पीक हातचे जाते. परंतु या ठिपक्यांचा खरा धनी कोण, असा प्रश्न केल्यास ‘बुरशी’ याहून नेमके उत्तर सहसा मिळत नाही. आणि ते उत्तर खोटे नसले तरी, गावात चोरी झाल्यावर ती ‘माणसाने केली’ असे सांगण्याइतकेच ते उपयोगी आहे.

पानांवर ठिपके पाडणाऱ्या बुरशींच्या जाती हजारांनी मोजाव्या लागतात. त्यांपैकी प्रस्तुत पानावर कोणती, हे ठरविण्याचे काम वनस्पतिरोगशास्त्रज्ञ गेली दीडशे वर्षे करीत आले आहेत, आणि त्या कामाचे मर्म दोन नकारांत सांगता येते. डागाच्या रूपावरून त्याचा कर्ता ठरत नाही, हा पहिला नकार. आणि डागावर जी बुरशी हजर सापडली तीच कर्ती, असेही ठरत नाही, हा दुसरा. या दोहोंच्या मधून खात्रीच्या निष्कर्षापर्यंत जाणारी वाट पायरीपायरीने कशी चढली जाते, तेवढेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम डाग म्हणजे काय, हे पाहू. हवेतून आलेला अथवा पावसाच्या थेंबाबरोबर उडालेला बीजाणू पानावर पडतो. पानावर पाण्याचा पातळ पापुद्रा काही तास टिकला तर तो रुजतो आणि त्यातून एक सूक्ष्म तंतू बाहेर पडतो. टिक्क्याच्या बुरशीचा तंतू बहुधा पानाच्या श्वासरंध्रांतून आत शिरतो. उलट भातावरील करप्याची बुरशी रंध्राची वाट पाहतच नाही, तर पानाच्या पृष्ठभागास घट्ट चिकटणारा एक काळसर घुमट तयार करून, त्याच्या पोटात वातावरणाच्या दाबाच्या ऐंशीपटींपर्यंत दाब साठवते आणि त्या जोरावर पानाची त्वचा भेदून आत जाते. आत गेल्यावर कित्येक बुरशी विषारी द्रव्ये पाझरू लागतात. सर्कोस्पोरा वंशातील अनेक जाती सर्कोस्पोरिन नावाचे एक तांबडे द्रव्य बनवितात. त्याची करामत अशी की, अंधारात ते जवळजवळ निरुपद्रवी असते, पण सूर्यप्रकाश पडताच ते प्राणवायूचे अत्यंत दाहक रूप निर्माण करते आणि त्याने वनस्पतीच्या पेशींची आवरणे फाटतात. ज्या उजेडावर पान जगते तोच उजेड येथे त्याच्या नाशास साधन होतो. मेलेल्या पेशींचा पुंजका म्हणजे डाग; आणि त्याची कड रेखीव दिसते ती पुष्कळदा बुरशीमुळे नव्हे, तर वनस्पतीने आपल्या बचावासाठी तेथे रचलेल्या पदार्थांमुळे. म्हणून डागाचा आकार, रंग आणि कड ही हल्ला करणाऱ्याची सही नसून दोन पक्षांच्या झटापटीची निशाणी असते, आणि झाडाची जात, पानाचे वय, हवेतील ओल यांपैकी काहीही बदलले की ती निशाणीही बदलते.

याच कारणास्तव तपासाची पहिली पायरी ‘कोणती बुरशी’ ही नसून ‘बुरशीच आहे काय’ ही असते. पालाशाची उणीव पडली म्हणजे जुन्या पानांच्या कडा करपतात. परंतु ती करप पानाच्या दोन्ही बाजूंस सारखी आणि साऱ्या झाडांवर एकाच तऱ्हेने दिसते. फवाऱ्यात औषधाचे प्रमाण जास्त झाले तर त्या दिवशी उघड्या असलेल्या सर्व पानांवर एकदम डाग उमटतात आणि पुढे ते वाढत नाहीत. सजीव कारणाचा रोग असा एकसारखा येत नाही. तो एका कोपऱ्यातून, बहुधा खालच्या पानांपासून सुरू होतो, विस्कळीत पसरतो, आणि एकाच पानावर लहानमोठे, कोवळे आणि जुने डाग शेजारी शेजारी दिसतात.

सजीव कारण निश्चित झाले तरी बुरशी आणि जीवाणू यांचा निवाडा उरतोच, आणि तो चुकल्यास काय होते याचा अनुभव महाराष्ट्रातील डाळिंब बागायतदारांनी या शतकाच्या पहिल्या दशकात भरपूर घेतला आहे. डाळिंबावर सर्कोस्पोरा, कोलेटोट्रायकम यांसारख्या बुरशींचेही डाग पडतात आणि ‘तेल्या’ या नावाने कुप्रसिद्ध झालेला डागही पडतो. पण तेल्या हा झॅन्थोमोनास या जीवाणूचा रोग आहे, आणि केवळ बुरशीवर चालणारी औषधे त्याच्यापुढे कुचकामी ठरतात. फरक ओळखण्याची रीत सोपी आहे. तेल्याचा कोवळा डाग उजेडासमोर धरला असता तेल मुरल्यासारखा पाणचट आणि पारदर्शक दिसतो. डागाच्या कडेचा बारीक तुकडा कापून काचपट्टीवरील पाण्याच्या थेंबात ठेवावा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. कारण जीवाणू असेल तर कापलेल्या कडेतून असंख्य जीवाणूंचा धुरकट लोट पाण्यात वाहताना काही मिनिटांतच दिसतो. बुरशीचा डाग असा लोट सोडीत नाही. एवढीशी परीक्षा कित्येक हजारांचा औषधखर्च वाचवू शकते.

नुसत्या डोळ्यांवर विसंबण्याचा धोका विदर्भातील कापसाच्या पानावर तर फारच स्पष्ट दिसतो. शिरांनी अडविल्यामुळे कोनाकोनांचे झालेले डाग कापसावर जीवाणूमुळेही पडतात आणि ज्याला तिकडे ‘दहिया’ म्हणतात त्या रोगामुळेही पडतात; दहिया ही मात्र रॅम्युलॅरिया नावाच्या बुरशीची करणी होय. आकार एक, कारणे दोन. सुदैवाने दहियाच्या डागांवर, विशेषतः पानाच्या खालच्या बाजूस, दह्याची कवडी सांडल्यासारखी पांढुरकी वाढ दिसते, आणि येथेच तपासाची पुढली पायरी लागते: डागाचा आकार सोडून डागावर काय उगवले आहे ते पाहणे.

यासाठी दहापट मोठे दाखविणारे हातभिंग पुरते. डागाच्या मध्यभागी टाचणीच्या टोकाने टोचल्याप्रमाणे काळे बिंदू पानात रुतलेले दिसले, तर त्या बहुधा फायलोस्टिक्टा, सेप्टोरिया यांसारख्या बुरशींच्या बीजाणूंनी भरलेल्या कुप्या असतात. पाऊस पडला की त्यांच्या तोंडातून बीजाणूंची चिकट लड बाहेर येते. बिंदू उघड्या तबकडीसारखे असून त्यांवर काळे, राठ केस उभे असतील आणि ओल मिळताच नारिंगी-गुलाबी चिकटा दिसू लागेल, तर कोलेटोट्रायकमचा संशय घ्यावा. भुईमुगाच्याच पानाच्या पाठीमागे नारिंगी पुटकुळ्या असून बोट फिरविताच बोटास तांबूस भुकटी लागली, तर तो टिक्का नव्हे, तांबेरा. तो अनेकदा टिक्क्याच्या सोबतीनेच येतो आणि दोघांचा हिशेब एकत्र होऊन जातो.

पुष्कळदा भिंगातूनही काहीच दिसत नाही, कारण कोरड्या हवेत बुरशी बीजाणू धरीत नाही. अशा वेळी पान ओलसर कोठीत ठेवतात. नाव भारदस्त असले तरी वस्तू साधी आहे: काचेच्या तबकडीत ओला टीपकागद अंथरून, पान त्यास चिकटणार नाही अशा बेताने दोन काड्यांवर ठेवायचे आणि वर झाकण घालायचे. एक-दोन दिवसांत, पावसाळी रात्रीची ओल मिळाल्याच्या समजुतीने, बुरशी बीजाणू उभारते. मात्र तबकडी जास्त दिवस ठेवली तर कुजलेल्या पानावर जगणाऱ्या भलत्याच बुरशी तिचा ताबा घेतात. म्हणून वेळेचे भान राखणे हाही या कामातील कौशल्याचाच भाग आहे.

यानंतर सूक्ष्मदर्शकाचे काम सुरू होते. डागावरील वाढ सुईने हलकेच खरवडून, किंवा पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा तिच्यावर दाबून उचलून, निळ्या रंगाच्या थेंबात काचपट्टीवर ठेवली की चारशेपट मोठ्या आकारात जे जग दिसू लागते त्यात बुरशीचे खरे ओळखपत्र म्हणजे तिचे बीजाणू. इटलीतील पादुआ येथील प्येर आंद्रेआ साक्कार्दो यांनी १८८२ पासून जगातील ज्ञात बुरशींची जी प्रचंड सूची प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, तिच्यात बीजाणूंचा रंग, आकार आणि त्यांतील पडदे यांना वर्गीकरणात मानाचे स्थान होते. ती पद्धत पुढे पुष्कळ सुधारली गेली असली तरी प्रयोगशाळेतील पहिली छाननी आजही याच खुणांवर चालते. बीजाणू रंगहीन की तपकिरी? एकपेशीय की पडद्यांनी विभागलेला? पडदे आडवेच की आडवे-उभे दोन्ही? देठावर एकेकटा बसलेला की साखळीत? या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की हजारांची यादी डझनावर येते. तपकिरी, एका टोकास चोच असलेला आणि आडव्या-उभ्या पडद्यांनी विटांच्या भिंतीसारखा दिसणारा बीजाणू म्हणजे अल्टरनेरिया. नाशिककडील कांद्याचा जांभळा करपा आणि टोमॅटोच्या पानांवरील एकात एक वलये असलेला करपा याच वंशाचे. पेरूच्या आकाराचा, निमुळत्या टोकाचा, तीन पेशींचा बीजाणू दिसला की तो भाताच्या करप्याचा पायरिक्युलेरिया. पाच पेशींचा, मधल्या तीन पेशी तपकिरी आणि टोकांच्या दोन रंगहीन, वर मिशांसारखे धागे, असा विलक्षण बीजाणू दिसला की पेस्टॅलोशिऑप्सिस. कोकणातील नारळाच्या झावळ्यांवरील करड्या ठिपक्यांवर तो हमखास भेटतो.

आता भुईमुगाकडे परत येऊ, कारण टिक्का हा एक रोग नसून दोन रोग आहेत, आणि ते दोन आहेत हे पक्के होण्यास बराच काळ जावा लागला. त्यांपैकी एका बुरशीची शास्त्रीय नोंद १८७५ मध्ये झाली. दुसरीचे वर्णन जपानमध्ये होरी यांनी १९१७ मध्ये केले. तरीही पुढे कित्येक वर्षे दोहोंची सरमिसळ होत राहिली, आणि १९३३ मध्ये अमेरिकेतील वुडरूफ यांनी व १९३८ मध्ये जेंकिन्स यांनी दोन्हींचा शेजारी शेजारी अभ्यास मांडल्यावर घोटाळा मिटला. लवकर येणारा टिक्का पेरणीनंतर महिन्याभराच्या आसपास दिसू लागतो. त्याचे डाग तांबूस तपकिरी असतात, भोवती बहुधा पिवळे वलय असते, आणि बीजाणू मुख्यतः पानाच्या वरच्या बाजूस येतात. उशिरा येणारा टिक्का त्यानंतर काही आठवड्यांनी डोके काढतो. त्याचे डाग अधिक गोल व काळे असतात, आणि पानाच्या खालच्या बाजूस बीजाणूंचे पुंजके वर्तुळावर वर्तुळ आखल्याप्रमाणे मांडलेले दिसतात. पिवळ्या वलयावरून पहिला रोग ओळखावा असे पुष्कळांस वाटते. परंतु भुईमुगाचे वाण आणि हवामान यांप्रमाणे ते वलय कधी दिसते, कधी दिसत नाही, आणि दुसऱ्या रोगातही कधी उमटते. काचपट्टीवर मात्र असा संदिग्धपणा राहत नाही. पहिल्याचे बीजाणू लांब, सडपातळ, किंचित वाकलेले आणि जवळजवळ रंगहीन; लांबी सामान्यतः ३५ ते ११० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजण्याची. दुसऱ्याचे आखूड, जाड आणि शेवाळी तपकिरी. लांबी २० ते ७० मायक्रॉन, आणि पडदेही कमी. एकाच पर्णिकेवर दोन्ही नांदत असल्या तरी अर्ध्या तासाच्या निरीक्षणाने त्यांची फारकत होते.

आतापर्यंत पहिल्या नकाराचा विचार झाला. दुसरा नकार याहून अवघड आहे. डागावर बीजाणू सापडले, त्यांचा वंशही ओळखला, म्हणून तोच गुन्हेगार ठरतो काय? मेलेल्या पेशी हे कित्येक बुरशींचे आयते अन्न आहे. क्लॅडोस्पोरियम आणि अल्टरनेरियाच्या काही सामान्य जाती दुसऱ्याने मारलेल्या भागावर मागाहून येऊन इतक्या भरभराटीने वाढतात की मूळ रोगकारक त्यांच्याखाली झाकला जातो. याच्या उलट, कोलेटोट्रायकमसारख्या बुरशी पूर्णपणे निरोगी दिसणाऱ्या पानाच्या आतही काहीही त्रास न देता दीर्घकाळ राहू शकतात. तेव्हा पानातून त्या वेगळ्या काढता आल्या, एवढ्यावरून त्यांच्यावर आरोप ठेवता येत नाही.

म्हणून चाणाक्ष अभ्यासक डागाच्या मध्याला हात लावीत नाही. तो तुकडा कापतो तो डागाच्या कडेचा, अर्धा मेलेला आणि अर्धा हिरवा, कारण रोगकारक जिवंत पेशींकडे सरकत असतो आणि आघाडीवर तोच एकटा सापडण्याची शक्यता अधिक असते. चार-पाच मिलिमीटरचे हे तुकडे सोडियम हायपोक्लोराइटच्या सौम्य द्रावणात मिनिटभर बुडवून पृष्ठभागावरचे उपरे मारतात, निर्जंतुक पाण्यात धुतात, आणि बटाट्याच्या काढ्यात ग्लुकोज व आगर घालून गोठविलेल्या खाद्यावर ठेवतात. एक लिटरला दोनशे ग्रॅम बटाटे, वीस ग्रॅम ग्लुकोज आणि पंधरा ते वीस ग्रॅम आगर, हा पाक जगभरच्या प्रयोगशाळांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. पंचवीस अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवले असता काही दिवसांत तुकड्याभोवती तंतूंचे वर्तुळ पसरते. टिक्क्याच्या बुरशी मात्र येथे तपासनिसाची परीक्षा पाहतात: त्या अतिशय सावकाश वाढतात, बीजाणू धरण्यास नाखूश असतात, आणि त्यांच्यासाठी खाद्यात भुईमुगाच्या पानांचा अर्क घालण्यासारखी मनधरणी करावी लागते. तांबेरा आणि भुरी यांच्या बुरशी तर याच्याही पलीकडच्या. त्यांना जिवंत झाडच लागते.

शुद्ध वाढ हाती आल्यावर अखेरची कसोटी. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थकात माणसांच्या व जनावरांच्या रोगांसाठी जे नियम घालून दिले तेच वनस्पतींनाही लागू आहेत. संशयित बुरशी रोगी झाडांवर नेहमी आढळली पाहिजे. ती एकटी वेगळी काढून वाढविता आली पाहिजे. तिचे बीजाणू निरोगी झाडावर शिंपडले असता तोच रोग उद्भवला पाहिजे. आणि त्या नव्या डागातून तीच बुरशी पुन्हा काढून दाखविता आली पाहिजे. शिंपडल्यानंतर झाडावर पिशवी घालून एक-दोन दिवस दमटपणा राखावा लागतो, शेजारी नुसते पाणी शिंपडलेली झाडे तुलनेसाठी ठेवावी लागतात, आणि मग वाट पाहावी लागते. टिक्क्याच्या बाबतीत ही वाट दीड-दोन आठवड्यांचीही असू शकते. या चारही अटी पुऱ्या झाल्याखेरीज दिलेला निकाल हा निकाल नसून अदमास होय.

दोष सिद्ध झाला तरी आरोपीचे नाव काय लिहावयाचे, ही अडचण शिल्लक राहते, आणि ती क्षुल्लक नाही. भाताच्या पानांवर तिळाच्या आकाराचे तपकिरी ठिपके पाडणारी बुरशी पाहा. १९४२ मध्ये बंगालमध्ये या रोगाने भाताचे मोठे नुकसान केले, आणि पुढल्या वर्षीच्या भीषण दुष्काळाच्या कारणांत त्याचा वाटा किती, याविषयी वनस्पतिरोगशास्त्रज्ञ आणि अर्थशास्त्रज्ञ यांच्यात मतभेद आहेत. पद्मनाभन यांनी १९७३ मध्ये या रोगावर मोठा भार ठेवला, तर अमर्त्य सेन यांनी धान्याच्या उणिवेपेक्षा ते विकत घेण्याची ऐपत नाहीशी होण्यावर बोट ठेवले. एवढी मोठी कैफियत जिच्या नावावर आहे, त्या बुरशीला जावामधील नमुन्यावरून १९०० मध्ये हेल्मिन्थोस्पोरियम म्हटले गेले. पुढे बायपोलॅरिस, ड्रेक्सलेरा अशी वंशनामे तिला मिळाली. आणि तिची लैंगिक अवस्था सापडल्यावर तिला कॉक्लिओबोलस हे आणखी एक नाव लाभले. या शेवटच्या नावाची रीतसर नोंद ज्यांच्या लेखाने झाली ते जहांगीर फर्दुनजी दस्तूर हे नागपूर येथे मध्यप्रांत सरकारचे कवकशास्त्रज्ञ होते. एकाच बुरशीच्या दोन अवस्थांना दोन नावे देण्याची ही प्रथा २०११ मध्ये मेलबर्न येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने मोडीत काढली आणि २०१३ पासून एका बुरशीस एकच नाव, असा दंडक झाला.

दुसरी अडचण याहून जुनी. ठिपका ज्या झाडावर सापडला त्या झाडाच्या नावावरून बुरशीस नवे नाव द्यावयाचे, अशी सोयीची चाल एके काळी पडून गेली होती. परिणामी सर्कोस्पोरा वंशात वर्णिलेल्या जाती तीन हजारांच्या घरात गेल्या. अमेरिकेतील चप यांनी १९५४ मध्ये या वंशाचा जो बृहद्ग्रंथ लिहिला त्यात १४१९ जाती मान्य केल्या होत्या. पुढे सुमारे पन्नास वर्षांनी क्राऊस आणि ब्राऊन यांनी पुन्हा झडती घेतली, तेव्हा खऱ्या सर्कोस्पोरा म्हणून ६५९ च उरल्या; शेकडो नावे एकाच रूपाची निरनिराळ्या झाडांवरची प्रतिबिंबे ठरली, तर पुष्कळ जातींची रवानगी अन्य वंशांत झाली. भुईमुगाच्या उशिरा येणाऱ्या टिक्क्याची बुरशीही या उलथापालथीत सर्कोस्पोरामधून बाहेर पडली.

जेथे बीजाणूंचे रूपही साक्ष देईनासे होते तेथे हल्ली जनुकीय द्रव्याकडे धाव घेतात. केंद्रकाम्लाचा एक ठरावीक लहान तुकडा वाचून त्यावरून बुरशी ओळखण्याची पद्धत १९९० पासून रुळली, आणि २०१२ मध्ये त्या तुकड्यास बुरशींची अधिकृत ओळखखूण म्हणून मान्यता मिळाली. परंतु पर्णठिपक्यांच्या प्रांतात ही खूणही सर्वज्ञ नाही. अल्टरनेरिया, कोलेटोट्रायकम आणि सर्कोस्पोरा या नेमक्या तिन्ही वंशांत जवळच्या जातींमध्ये तो तुकडा बहुधा सारखाच निघतो, आणि मग आणखी तीन-चार जनुके वाचावी लागतात. जनुकीय पद्धतीने खरे उजळले ते केळीचे प्रकरण. जळगावकडील शेतकरी ज्याला केळीवरील करपा म्हणतात त्या सिगाटोका रोगाची पहिली नोंद १९०२ मध्ये जावात झाली, आणि त्याला नाव मिळाले ते फिजी बेटावरील सिगाटोका खोऱ्यावरून. १९६३ मध्ये फिजीतच त्याचा अधिक उग्र, काळा प्रकार ओळखू आला. पिवळ्या आणि काळ्या सिगाटोकाच्या बीजाणूंतील फरक इतका बारीक की, बुडाशी देठापासून सुटल्याच्या जागी जाडसर वण आहे की नाही, हे पाहावे लागते. आणि दक्षिण व आग्नेय आशियातील नमुने तपासता तपासता २००० मध्ये असे निष्पन्न झाले की त्यांत एक तिसरीच बुरशी आहे. तिचे डाग इतर दोघींसारखेच, पण जनुके वेगळी आणि बीजाणू तयार करण्याची तऱ्हाही वेगळी.

इतके खोल जाणे प्रत्येकाला आवश्यक आहे काय? माझ्या मते नाही, आणि हा विवेक राखणे हेही ओळखीच्या शास्त्राचेच अंग आहे. शेतकऱ्याचा प्रश्न फवारणीचा असेल तर पुष्कळदा वंशापर्यंतची ओळख पुरते. पण तेवढी तरी हवीच. कार्बेन्डाझिम हे औषध सर्कोस्पोरा, कोलेटोट्रायकम यांच्यावर उपयोगी पडत आले आहे, परंतु अल्टरनेरिया आणि भातावरील तपकिरी ठिपक्यांची बुरशी यांच्यावर ते स्वभावतःच चालत नाही. तेथे मॅन्कोझेबसारखे निराळ्या रीतीने काम करणारे औषध लागते. दुकानदाराने ‘ठिपक्यांचे औषध’ म्हणून हाती दिलेला पुडा निरुपयोगी ठरतो तो पुष्कळदा याच कारणाने. याउलट रोगप्रतिकारक वाण पैदा करणाऱ्याला जातीपर्यंत जावेच लागते, कारण भुईमुगाच्या लवकर येणाऱ्या टिक्क्याला दाद न देणारे वाण उशिरा येणाऱ्या टिक्क्यापुढे टिकेलच, असा भरवसा नसतो.

आणि ज्यांचे काम सर्वांना पुरून उरते ते नमुने जपणारे. शिक्षणाने वैद्य असलेले आयरिश गृहस्थ एडविन बटलर १९०१ मध्ये हिंदुस्थानात आले, १९०५ पासून बिहारमधील पुसा येथे सरकारी कवकशास्त्रज्ञ म्हणून राहिले, आणि १९१८ मध्ये त्यांनी बुरशी व वनस्पतिरोग यांवर जो ग्रंथ लिहिला तो या देशातील पिकांच्या प्रत्यक्ष पाहणीवर उभा होता. त्यांच्या काळात जमू लागलेला वाळलेल्या पानांचा संग्रह, १९३४ च्या भूकंपानंतर संस्था दिल्लीस हलली तेव्हा, तिच्याबरोबर दिल्लीस गेला. मुंबई इलाख्यात उप्पल, पटेल आणि कामत यांनी १९३५ मध्ये येथील बुरशींची यादी प्रसिद्ध केली. आणि १९४६ मध्ये पुण्यात शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या नेतृत्वाखाली जी महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन झाली, आणि जिला आज आघारकर संशोधन संस्था म्हणतात, तेथे कवकशास्त्रज्ञ अजरेकरांच्या नावाने बुरशींचा वाळविलेला संग्रह आणि त्याच्या जोडीस जिवंत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह सांभाळला जातो. कागदाच्या घडीत ठेवलेले ठिपक्याचे एक पान, त्यावर झाडाचे नाव, गाव, तारीख आणि गोळा करणाराची सही, एवढाच तो दस्तऐवज. परंतु शंभर वर्षांपूर्वी दिलेले नाव चुकले होते असे आज कोणास दाखवावयाचे असेल, तर अपील चालवावयास दुसरा पुरावा नसतो. बुरशीचे नाव बदलते, वर्गीकरण बदलते, पद्धती बदलतात. म्हणून प्रत्येक ओळख फेरतपासणीस मोकळी राहावी, हाच त्या संग्रहांचा हेतू.

ज्या शेतकऱ्यास आपल्या पानावरील डागाचा धनी जाणून घ्यावयाचा आहे त्याच्यावरही याच न्यायाने थोडी जबाबदारी येते. पूर्ण वाळलेले पान पाठवू नये. कोवळे, मध्यम आणि जुने असे तिन्ही डाग असलेली पाने घ्यावीत, आणि शक्य तर शेजारचे एक निरोगी पानही. ती प्लास्टिकच्या पिशवीत कोंडून पाठवू नयेत, कारण वाटेत घाम सुटून मूळ बुरशीऐवजी कुजवणाऱ्या बुरशीच प्रयोगशाळेत पोहोचतात. वर्तमानपत्राच्या घडीत सपाट दाबून, त्याच दिवशी रवाना करावीत. सोबत पिकाचे वाण, पेरणीची तारीख, डाग प्रथम कोणत्या पानांवर आणि शेताच्या कोणत्या अंगाला दिसले, त्याआधी आठवडाभर पाऊस वा दंव कसे होते, आणि कोणते औषध कधी फवारले, एवढी हकिकत लिहावी. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील कृषी विद्यापीठांत वनस्पतिरोगशास्त्राचे विभाग आहेत, आणि डाळिंबासाठी सोलापूरजवळ केगाव येथे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. तेथील तज्ज्ञाने ‘एका दिवसात सांगता येणार नाही, आठवडा द्या’ असे म्हटले तर त्याला सुस्त समजू नये. ओलसर कोठीला दोन दिवस आणि आगरावरील वाढीला आठवडा लागतोच, आणि त्या अवधीत घाईने मारलेला फवारा चुकीचा निघाल्यास पुढे तोच खर्च दुसऱ्यांदा करावा लागतो.